एकोणीस दिवस शांत

काकूच्या रजिस्टरमध्ये सलग एकोणीस दिवस माझ्या हाताने रोज एक शब्द लिहिलेला आहे. शांत. ती पानं मी फाडणार होतो. आमच्या जनावरांच्या डॉक्टर मुजावर म्हणाल्या, "राहू द्या मामा. तुमच्यानंतर जो येईल त्याला उपयोग होईल."

काकू म्हणजे आमची बारा नंबरची लामा. नाव मीच ठेवलं. मान ताठ करून, पापण्या अर्ध्या मिटून ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असं बघायची, की आपण न विचारता तिच्या घरात शिरलोय असं वाटावं.

आमचं केंद्र पाटण तालुक्यात सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर आहे, पवनचक्क्यांच्या पलीकडे. इथे बारा महिने गार वारा असतो, म्हणून लामा इथे ठेवल्या. चौदा आहेत. उंटाच्याच कुळातलं जनावर, पण कुबड नाही. अंगभर लोकर, राग आला की थुंकतं. सापाच्या विषावरचं औषध पूर्वी घोड्यांच्या रक्तातून काढायचे. घोड्याला अगदी थोडं विष टोचत राहायचं, की त्याचं रक्त विषाशी लढायला शिकतं. पण ते औषध काही माणसांना सोसायचं नाही, अंगावर उठायचं. लामाच्या रक्तातले लढणारे कण फार बारीक असतात. ते माणसाच्या शरीरात खोल जातात आणि त्रास कमी देतात. हे कळल्यावर घोडे गेले, लामा आल्या. मी तीस वर्षं घोड्यांच्या पागेत काढली होती. मला लामांवर घातलं.

घोड्याचं पोट दुखलं तर सगळ्या पागेला कळतं. तो पाय आपटतो, वळून पोटाकडे बघतो, घामाने भिजतो, जमिनीवर लोळतो. मला दुखणं म्हणजे हेच माहीत होतं. लामा चारही पाय पोटाखाली घेऊन खाली बसते आणि समोर बघत राहते. मला वाटायचं, बसली आहे म्हणजे बरी आहे.

चारा कापायला येणारी तुळसाबाई त्या एकोणीस दिवसांतल्या सहाव्या दिवशी म्हणाली होती, "मामा, काकू रुसली व्हय? सारखी बसूनच हाय की ओ."

मी म्हटलं, "घोडं असतं तर लोळलं असतं. हिला काही नाही. थंडी आहे, बसलीय."

"तुमी म्हंताय तर तसंच आसंल," ती म्हणाली आणि वैरण टाकून गेली.

माझी बायको शालन गेल्या मार्चमध्ये गेली. पोटाचा कॅन्सर. जानेवारीत ऑपरेशनला घेतलं, पोट उघडलं, पसरलेलं बघून परत शिवलं. त्यानंतर ती पाच आठवडे होती.

तिच्या पोटातलं पाणी शेवटच्या आठवड्यात काढलं होतं. त्याचा नमुना हॉस्पिटलने ठेवलेला होता. आता नवा नियम आला आहे. ज्या घरात माणूस गेलं त्यांना हवं असेल तर त्या नमुन्याची जबानी यंत्रातून काढून मिळते, म्हणजे त्या माणसाला किती दुखलं होतं ते कळतं. जबानी हा लोकांनी पाडलेला शब्द. यंत्राचं खरं नाव इंग्रजी आहे, लांबलचक. नवऱ्याची संमती लागते, आणि वर्ष झालं की नमुना टाकून देतात. माझी मुलगी मयूरी पुण्याला असते. तिने तो फॉर्म नोव्हेंबरात माझ्या फोनवर पाठवला होता.

"आण्णा, फक्त अंगठा लावायचाय."

"कशाला पण?"

"मला बघायचंय. मी रोज फोन करायचे, तुम्ही रोज म्हणायचात, आई शांत पडलीय. खरं होतं का ते?"

मी खोटं बोललो नव्हतो. शालन शांतच पडलेली असायची. पण मी अंगठा लावला नाही. आज लावतो, उद्या लावतो, असं करत जानेवारी आला.

डॉक्टर मुजावर सड्यावर महिन्यातून दोनदा येतात. डिसेंबरअखेरची फेरी घाटातला रस्ता बंद असल्यामुळे चुकली. त्या आल्या तेव्हा एकोणिसावा दिवस होता. गाडीतून उतरून त्या चौदाही लामांसमोरून चालत गेल्या आणि काकूपाशी थांबल्या. दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या.

"मामा, ही रवंथ करत नाहीये."

मी बघितलं. बाकी सगळ्यांचे जबडे हलत होते. हिचा नव्हता. मला ते एकोणीस दिवसांत दिसलं नव्हतं.

त्यांनी लोकरीत हात घातला. वरून ती गुबगुबीत दिसत होती. आत बरगड्या लागल्या. सोनोग्राफी केली तेव्हा आतड्यात गोळा दिसला. स्वतःची लोकर चाटून पोटात जाते, तिच्यात चाऱ्याचे धागे अडकतात आणि दगडासारखा गोळा होतो. आतडं पुरतं बंद झालं नव्हतं, म्हणून ती जिवंत होती.

"आजच उघडायला लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "पूर्ण भूल देता येणार नाही. लामाला पूर्ण भूल दिली की पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात जातं. ही तर उपाशी आहे, अशक्त आहे. हलकी गुंगी देऊ आणि फक्त पोटाची भिंत बधिर करू."

"पाठीत देऊ नका," मी म्हणालो.

"काय?"

"सुई. पाठीत सुई घेतली की जन्माची कंबर जाते."

"कोणाची गेली, मामा?"

"माझ्या भावजयीची. सिझर झालं तेव्हापासून."

"माझ्या आईचीही गेली. तिने आयुष्यात सुई घेतली नाही. चार मुलं आणि डोक्यावरून पाणी." त्या हातमोजे काढत होत्या. "आपल्याकडे सगळ्याच बायकांची कंबर जाते. नाव सुईचं होतं."

शालनच्या वेळी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून हेच सांगितलं होतं. पाठीतून एक बारीक नळी घालू, पोटाकडच्या नसा झोपतील, उरलेले दिवस त्रास होणार नाही. मी म्हटलं, पाठीत सुई नको. त्यांनी शालनला विचारलं. ती म्हणाली, "यांना विचारा." मी तिला विचारलं, "फार दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही हो. चालतंय." मग मी डॉक्टरांना सांगितलं, ती म्हणतेय चालतंय.

चाऱ्याची शेड धुऊन घेतली. दारं उघडी ठेवली, ऊन आत येत होतं. काकूला गुंगी देऊन डाव्या कुशीवर निजवली. उजव्या कुशीची लोकर काढली तेव्हा ती एकदम लहान दिसायला लागली. मी तिच्या डोक्याशी बसलो. गळ्याखाली उशी ठेवून मान उंच करायची आणि तोंड खाली उतरतं ठेवायचं, म्हणजे काही वर आलं तर बाहेर सांडेल. एवढंच माझं काम.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा दांडा कुशीवर ठेवला आणि मला पडदा दाखवला. त्या बोलत बोलत काम करतात.

"घडीची पोळी असते ना, मामा? पदर सुटणारी? पोटाची भिंत तशी असते. मांसाचे तीन पदर. दुसऱ्या आणि तिसऱ्या पदराच्या मधून नसा जातात. सुई बरोबर त्या फटीत न्यायची आणि औषध सोडायचं. औषध फटीत पसरतं आणि तेवढ्या भागातल्या नसा झोपतात."

पडद्यावर दोन करड्या रेघांच्या मध्ये एक काळी फट उघडताना मला दिसली. शालन पोळी तव्यावरून काढली की दोन्ही हातांनी आपटायची, तेव्हा असेच पदर सुटायचे.

"पण किती औषध द्यायचं ते आधी विचारायला लागतं," डॉक्टर म्हणाल्या. सुईतून त्यांनी पाण्यासारखा एक थेंब मागे ओढला आणि यंत्रात घातला.

जबानीचं यंत्र शिदोरीच्या डब्याएवढं असतं. त्यांनी मला ते पूर्वी समजावलं होतं. नस फार दिवस दुखत राहिली की तिच्या पेशींच्या आत खुणा पडतात. रोज थोड्या. त्या खुणांचे बारीक कण नसेतून बाहेर पाझरतात. यंत्र ते मोजतं आणि दोन आकडे सांगतं. किती दिवस दुखलं, आणि दहापैकी किती. फार दिवस दुखलेली नस राठ होते, तिला जास्त औषध लागतं. लामाला हे औषध जास्त झालं तर झटके येतात, काळीज बंद पडतं. कमी झालं तर ती जागेपणी कापली जाते. म्हणून आधी विचारायचं.

"माणसांवर चालतं का हे?" मी तेव्हा विचारलं होतं.

"चालतं. माणसांमध्ये पाच-सात दिवस इकडेतिकडे होतात. बाकी बरोबर असतं."

आता यंत्राने आकडे दाखवले. दिवस एकोणीस. तीव्रता आठ.

"चुकलं असेल," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "रजिस्टर बघा. एकोणीस दिवसांपूर्वी काय लिहिलंय?"

मला बघायची गरज नव्हती. त्या दिवशी मी लिहिलं होतं, भरड्याचं आंबवण अर्धं तसंच टाकलं, बाकी शांत. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी रोज काहीतरी वेगळं लिहायचो. तुळसाबाईवर थुंकली, सात नंबरशी भांडली, कुंपणाशी पळाली. त्यानंतर नुसतं शांत.

डॉक्टरांनी हिशेब केला. या नसांना जेवढं औषध लागणार होतं तेवढं या जनावराच्या काळजाला सोसणार नव्हतं. त्यांनी सोसेल तेवढंच दिलं. "भिंत झोपेल," त्या म्हणाल्या. "आतड्याची नस वेगळ्या वाटेने जाते, तिला ही सुई पोचत नाही. आतडं ओढलं की तिला कळणार. तिच्या मानेवर पट्टी लावलीय, ती आत्ताचं दुखणं दाखवेल. आवाज बंद ठेवलाय, बाकीच्या बिथरतात. मला मान वळवता येणार नाही. तुम्ही आकडा मोठ्याने वाचत राहा."

"मी?"

"तुमच्याशिवाय कोण आहे इथे?"

त्यांनी काप घेतला. मी वाचायला लागलो. "दोन. दोन. तीन." भिंत खरंच झोपली होती. रक्त आलं तरी आकडा हलला नाही. मला बरं वाटलं. मग त्यांचा हात आत गेला.

"पाच. सहा. सात."

"थांबते." त्यांनी हात जिथे होता तिथेच धरला. "आता?"

"सात. सहा. पाच."

असं चार वेळा झालं. मी सात म्हटलं की त्या थांबायच्या, पाच म्हटलं की पुढे जायच्या. काकूचा डोळा उघडा होता. ती भिंतीकडे बघत होती. कान हलला नाही, पाय ओढला नाही, आवाज केला नाही. माझा हात तिच्या मानेखाली होता आणि हाताला काहीही कळत नव्हतं. आकडा नसता तर मी शपथेवर सांगितलं असतं, शांत आहे.

"मामा, गोळा हातात आलाय. आता थांबता येणार नाही."

"आठ. नऊ."

"वाचत राहा."

"नऊ. मॅडम, नऊ आहे."

"ऐकतेय. वाचा."

"नऊ. नऊ. नऊ. नऊ." मी बहुतेक ओरडत होतो, कारण तुळसाबाई दाराशी येऊन उभी राहिली. काकू भिंतीकडे बघत होती. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. उंबऱ्याजवळ मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन शालन अशीच बसायची. सुपातले तांदूळ निवडायचे राहिलेले असायचे आणि ती समोर बघत असायची. मी विचारायचो, बसलीस का गं? ती म्हणायची, जरा बसले.

गोळा बाहेर आला. लिंबाएवढा होता. टाके घालून होईपर्यंत आकडा चारवर आला. डॉक्टरांनी पोटाच्या पदरांमध्ये एक केसासारखी नळी ठेवून दिली, तिच्यातून रोज औषध सोडायचं होतं. जाताना त्या म्हणाल्या, "हिला दुखतंय का ते हिच्या तोंडाकडे बघून ठरवू नका. काय खाल्लं, किती खाल्लं, रवंथ केला का, ते लिहा."

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूचा जबडा हलायला लागला. मी कुंपणाला धरून तो हलताना बघत होतो. तुळसाबाई म्हणाली, "रडताय काय मामा, जगली न्हवं ती?"

लामासाठी मी आकडा ओरडून वाचला होता. शालनसाठी कोणीच वाचला नव्हता. मी फोन काढला आणि फॉर्मवर अंगठा लावला. मला आतून वाटत होतं, की कदाचित आकडा लहान निघेल. तिने चालतंय म्हटलं होतं. माणूस काही लामा नाही, त्याला तोंड असतं. कदाचित खरंच चालत असेल.

आठ दिवसांनी सकाळी अकराला उत्तर आलं. मी काकूचं आंबवण भिजवत होतो. हात पुसून फोन घेतला.

दिवस एकशे अठ्ठावन्न. शेवटच्या पाच आठवड्यांची तीव्रता नऊ.

शेवटचे पाच आठवडे म्हणजे मी सुई नको म्हटल्यापासूनचे. मी बादलीवर बसलो. बादली पालथी नव्हती, आंबवणाने भरलेली होती, हे मला नंतर कळलं.

फोन वाजला. मयूरी. तिलाही तोच कागद गेला होता. मी ठरवलं, ती बोलेल ते ऐकून घ्यायचं. सुईचं तिला माहीत नव्हतं. तेही आज सांगून टाकायचं.

"आण्णा, एकशे अठ्ठावन्न," ती म्हणाली.

"हो."

"मी मागे मोजलं. दसऱ्याच्या आधीपासून."

"हो का."

"माझा दिवाळसण झाला ना त्या दिवाळीत? तेव्हा तिला दुखत होतं."

मी त्या आकड्याकडे बघितलंच नव्हतं. मी नऊकडे बघत होतो.

"सासरची अकरा माणसं आणली मी. चार दिवस. सगळा फराळ तिने एकटीने केला. चकल्या तळताना ती मधेच खाली बसली होती. आण्णा, मी काय म्हटलं माहितीय तिला? आई, पाहुणे आलेत आणि तू बसलीस काय! सगळ्यांसमोर म्हटलं. ती उठली, हसली, आणि परत तळायला लागली."

तिचा आवाज नीट होता. रडत नव्हती. एकेक शब्द वेगळा करून बोलत होती.

"मयू, ऐक," मी म्हणालो. "ते यंत्र जनावरांसाठी आहे. माणसांवर धरत नाही. आमच्या डॉक्टर म्हणाल्या मला. दिवस तर साफच चुकतात."

"किती चुकतात?"

"महिनेच्या महिने चुकतात. दिवाळीत तिला काही नव्हतं. मी होतो ना घरात. मला कळलं नसतं का?"

"खरंच असं म्हणाल्या डॉक्टर?"

"हो."

"बरं," ती म्हणाली.

सुईचं मी सांगितलं नाही. ते सांगायचं तर यंत्र खरं आहे असं म्हणावं लागलं असतं.

"तू बरी आहेस ना?" मी विचारलं.

"बरी आहे, आण्णा. तुम्ही नका काळजी करू."

हे तिने इतकं सरळ म्हटलं की एरवी मी फोन ठेवला असता. समोर काकू पाय पोटाखाली घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिच्या मानेवरच्या पट्टीचा आकडा दोनवर येऊन थांबला आहे. त्याच्या खाली येत नाही. डॉक्टर म्हणतात, इतके दिवस दुखलेली नस पूर्ण विसरत नाही, एवढं राहणार. गोळा निघाला, जखम भरली, खाते-पिते, पण दोन आहेच. त्यावर औषध नाही.

"काय खाल्लंस आज?" मी मयूरीला विचारलं.

"काय?"

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा घेतला."

"नुसता?"

"हो. भूक नव्हती."

"काल रात्री?"

ती काही बोलली नाही.

"काल दुपारी?"

"आण्णा, मी बरी आहे म्हणाले ना."

"जावईबापू कुठे आहेत?"

"बंगलोरला गेलेत. शुक्रवारी येतील."

तो सोमवार होता. मी उठलो. पँट मागून भिजली होती. तुळसाबाईला खुणेने बोलावलं आणि आंबवणाची बादली दाखवली. ती म्हणाली, "ह्यात बसला व्हता काय तुमी?" मी मान हलवली.

"मी येतोय," मी फोनवर म्हणालो.

"कशाला, आण्णा? एवढ्या लांब. खरंच काही झालेलं नाही मला."

"दोनची गाडी आहे खालून. संध्याकाळपर्यंत पोचतो."

"इथे येऊन काय करणार तुम्ही?"

ते मलाही माहीत नव्हतं. तिच्यापाशी बसणार, ती बरी आहे म्हणणार, आणि मी तिच्याकडे बघत राहणार. मला पोळ्या येत नाहीत. भात येतो.

"भात करीन," मी म्हणालो.

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फोनही ठेवला नाही. तो तसाच चालू ठेवून मी खिशात घातला, रजिस्टर उघडलं आणि काकूच्या पानावर लिहिलं. आंबवण पाऊण खाल्लं. रवंथ चालू. बसून आहे. दुखणं दोन.

मग ते तुळसाबाईच्या हातात दिलं आणि उताराला लागलो.